मातृभाषेचे विस्मरण
(राजुरा येथील धर्मग्रामाच्या महोत्सवदिनी, पवित्र कुर्बानानंतर मंदिराच्या पटांगणात केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी धर्मगुरूने काय बोलावे ह्याचा एक प्रघात पडून गेलेला आहे. पहिली कुटुंबे कोठून आली, पहिली कुडाची झोपडी कोठे उभी राहिली, पुढे पक्के मंदिर कोणाच्या श्रमाने झाले, घंटा कोणी दिली, हे सारे सांगावे आणि शेवटी परमेश्वराचे उपकार मानून खाली बसावे. तो वृत्तांत ह्या पुस्तिकेत आमच्या चिटणीसांनी आमच्याहून अधिक नीटपणे लिहिला आहे. शिवाय स्वयंपाकघरातून वरणाचा वास येऊ लागला आहे, तो तुमच्याप्रमाणे आम्हांसही येतो. तथापि जे आपण मिळविले त्याविषयी आज न बोलता, जे आपल्या हातून नकळत निसटून गेले अशा एका गोष्टीविषयी बोलण्याची तुम्ही आम्हांस परवानगी द्यावी.

गेल्या उन्हाळ्यात महोत्सव समितीची बैठक चालली असता कोणीतरी अशी सूचना केली की, पहिल्या कुटुंबांच्या बायका संध्याकाळच्या प्रार्थनेला जे एक तेलुगू गीत म्हणत असत, ते आजच्या दिवशी पुन्हा म्हटले जावे. सूचना सर्वांस आवडली. चार आजींना बोलावून आणले. त्यांनी पदर सावरून, डोळे मिटून पहिले कडवे असे म्हटले की बैठकीत एकदम शांतता पसरली. दुसऱ्या कडव्याच्या आरंभी मात्र एक थांबली, दुसरीने नुसती चाल गुणगुणली, तिसरीने चौथीकडे पाहिले, आणि चौथी म्हणाली, "ते आमच्या अम्माला येत होते बाप्पा." सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कारण त्या गीताचे पहिले कडवेसुद्धा आम्हांस आता येत नाही, आणि आम्ही त्याच कुळातले आहोत.

तुमच्यांपैकी पुष्कळांस हे ठाऊक नसेल. आमचे वडील कोळशाच्या खाणीत पाळीवर जात असत. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, खाणीच्या फाटकावर हिंदी, अशी आमच्या बालपणाची व्यवस्था होती. चौदाव्या वर्षी आम्ही गुरुविद्यालयात गेलो. ते कोणते, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तेथे वर्गात इंग्रजी, जेवणघरात हिंदी, सोबत्यांत कोणाची मल्याळम तर कोणाची मराठी. तेलुगू बोलू नये असे आम्हांस कोणी सांगितले नाही. दंड नव्हता, छडी नव्हती. केवळ तेलुगू बोलावयास कोणी नव्हते. आम्ही घरी पत्रे मराठीत लिहीत असू आणि शेजारचा मुलगा ती आईस वाचून दाखवी. तो अर्थ तेलुगूत सांगे की मराठीतच वाची, हे आम्ही कधी विचारले नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही केली, आणि ती आज बोलून दाखविणे आमच्या मनास हलके करणारे आहे. दुसऱ्या वर्षी आई आम्हांस भेटावयास आली. हातात फडक्यात बांधलेले मुरकू होते. ती ओसरीवरूनच मोठ्याने तेलुगूत आम्हांस हाक मारून बोलू लागली. सोबती पाहत होते. आम्ही जवळ जाऊन हळूच म्हटले, "इथे मराठी बोल." ती बोलली. तिची मराठी मोडकी होती आणि तीवर सोबती हसले ते हसलेच. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा आली तेव्हा तेव्हा मराठीच बोलली. घरी सुट्टीत गेलो असतानाही आमच्याशी मराठीच बोलू लागली. आमची भाषा आम्ही विसरलो असे आम्ही आजवर म्हणत आलो. खरे पाहता ती आमच्याशी बोलणारे जे एकच माणूस होते त्यास आम्ही गप्प केले.

भाषा विसरते म्हणजे नेमके काय होते? लोकांस वाटते, घागर फुटून पाणी वाहून जावे तशी ती जाते. तसे नव्हे. ती कणगीतल्या धान्यासारखी जाते. वरून भरलेली दिसते आणि खालून भोक पडलेले असते. कणगीवरून आठवले, तिला तेलुगूत 'गादे' म्हणतात. हा शब्द आमच्या तोंडी तीस वर्षांनी आला, तोही एका म्हातारीने उच्चारल्यावर. काजव्यास काय म्हणतात हे तर आम्हांस कित्येक वर्षे आठवेना. जिभेवर येई आणि परत जाई. मग एके रात्री माणिकगडाच्या बाजूने येत असता झाडावर काजवे लकाकले आणि मोटारीत बसल्या बसल्या 'मिणुगुरु' हा शब्द आपोआप उमटला. तात्पर्य, तो गेलेला नव्हता. त्याच्याकडे जाण्याची पायवाट गवताने बुजली होती.

आमच्या अनुभवाप्रमाणे प्रथम जातात ती क्वचित लागणाऱ्या वस्तूंची नावे: भांडी, गवत, पाखरे, सुपा-जात्याचे भाग. मग वाक्याची घडण बदलते. शब्द तेलुगू, परंतु बांधणी मराठी, अशी वाक्ये आम्ही बोलू लागलो आणि आमच्या मावश्या तोंडाला पदर लावू लागल्या. मग बोलणे थांबते आणि केवळ समजणे उरते. सर्वांच्या शेवटी उरतात ते एकापासून दहापर्यंतचे अंक, दोन-चार शिव्या आणि प्रार्थना. स्वर्गातील पित्याची प्रार्थना आम्ही आजही तेलुगूत न अडखळता म्हणू शकतो. परंतु मध्येच थांबवून "ह्या शब्दाचा अर्थ काय?" असे कोणी विचारले, तर ती पुन्हा आरंभापासून म्हणावी लागते.

ह्या विषयाचा अभ्यास पंडितांनी केलेला आहे आणि तो आम्हांस आमच्या परिस्थितीमुळे मोठ्या आस्थेने वाचावा लागला. अमेरिकेत हॅरी बारिक ह्या मानसशास्त्रज्ञाने शाळेत स्पॅनिश शिकलेल्या ७३३ लोकांची परीक्षा घेतली. त्यांत नुकतेच शिकलेले होते, तसेच शिकून पन्नास वर्षे लोटलेलेही होते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात असे दिसले की, जे जायचे ते बहुतेक पहिल्या तीन ते सहा वर्षांत जाते. त्यानंतर जे उरते ते तीस वर्षांपर्यंत जसेच्या तसे टिकते. ही झाली शाळेत शिकलेल्या परक्या भाषेची गोष्ट. आईच्या भाषेचे नियम निराळे आहेत, आणि तेथे वयाचा मोठा प्रश्न येतो. साधारण बाराव्या वर्षानंतर घर सोडणाऱ्याची मातृभाषा ढिली पडते, पण सहसा मुळापासून उपटली जात नाही. त्यापूर्वी सोडणाऱ्याची उपटली जाऊ शकते. फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही कोरियन मुलांची मोठेपणी परीक्षा करण्यात आली. ती तीन ते आठ वर्षांची असताना मायदेश सोडून आली होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, कोरियन वाक्ये ऐकून त्यांच्या मेंदूत जे घडले ते कोणत्याही अनोळखी भाषेने घडावे तसेच होते. आठ वर्षे वयापर्यंत जी भाषा बोललो, ती जणू कधी कानी पडलीच नव्हती!

परंतु आमच्या काळजास भिडला तो तिसराच अभ्यास. हिटलरच्या जर्मनीतून इंग्लंड-अमेरिकेस गेलेल्या यहुदी लोकांची जर्मन भाषा म्हातारपणी कितपत शाबूत राहिली, ह्याचे संशोधन मोनिका श्मिड ह्या विदुषीने केले आणि २००२ साली ग्रंथरूपाने मांडले. किती वर्षे परदेशी राहिले, भाषा किती वापरली, ह्यांवरून त्याचा उलगडा होईना. उलगडा झाला तो घर कोणत्या साली सोडले ह्यावरून. जे आरंभीच्या वर्षांत निघून गेले त्यांची भाषा पुष्कळ चांगली राहिली. जे नोव्हेंबर १९३८ च्या जाळपोळीनंतर, अपमान आणि भय सोसून, निघाले त्यांची सर्वांत मोडली. म्हणजे भाषा केवळ न वापरल्याने जात नाही. तिच्याशी जे दुःख किंवा जी लाज जोडली गेली असेल तीही तिला नेते. मोठ्या दुःखाशी आमची लहानशी लाज तोलू नये हे आम्ही जाणतो. तरीही ते पान वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि मुरकूचे ते फडके आमच्या डोळ्यांपुढे आले.

आता आमची एकट्याची कथा पुरे. आपल्या राजुऱ्याकडे पाहू. आज ह्या पटांगणात बसलेल्या तरुणांस हे खरे वाटणार नाही की, येथून नजरेच्या टप्प्यात असलेली वर्धा नदी ही एके काळी दोन राज्यांची सीमा होती. पलीकडे बल्लारपूर-चांद्यास इंग्रजांचे राज्य, अलीकडे राजुरा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा तालुका मुंबई राज्यात आला, आणि थोडा काळ नांदेडकडे राहून १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. निजामाच्या अमदानीत कचेरीची भाषा उर्दू होती. बाजारात मराठी, नदीकाठच्या खेड्यांत मराठी आणि तेलुगू, डोंगरात गोंडी व कोलामी. एका माणसाने तीन भाषा बोलणे ही विद्वत्ता नसून नित्याचा व्यवहार होता. आमच्याकडे एक शेतकरी आजोबांच्या वेळचा जमिनीचा कागद घेऊन आला होता. तो उर्दूत होता. त्या आजोबांस तो वाचता येत होता, मुलास ऐकून समजत होता, आणि नातवाने तो उलटा धरला होता! शेवटी एका मौलवीसाहेबांनी तो वाचून दिला. भाषेबरोबर जमिनीची सीमासुद्धा हरवू शकते, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

उर्दू ही सरकारची भाषा होती. सरकार गेले, ती गेली. त्याचे फारसे दुःख करण्याचे कारण नाही, ती अन्यत्र सुखात आहे. गोंडी आणि कोलामीचे तसे नव्हे, त्यांना दुसरे घर नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक निघाले. गोंड जमातीची गणना मात्र एक कोटीच्या वर आहे. म्हणजे दर तीन-चार गोंडांमागे एकाच्याच घरी गोंडी उरली. कोलामी सांगणारे सुमारे एक लाख अठ्ठावीस हजार. एवढ्या मोठ्या गोंडीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत जागा नाही. २००३ साली संताळी आणि बोडो ह्यांना ती मिळाली, गोंडीला नाही. ज्या राजांनी चांद्याचा कोट बांधला त्यांची ही भाषा, हे येथे सांगावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी औषधांची पेटी घेऊन आम्ही धर्मभगिनींसमवेत जिवतीच्या बाजूस कोलामांच्या एका पोडावर गेलो होतो. एका घरी आजी, तिची लेक आणि सहा वर्षांची नात होती. आजी लेकीशी कोलामीत बोले. लेक आजीस कोलामीत उत्तर देई आणि तोंड वळवून मुलीशी मराठीत बोले. मुलगी आजीचे सारे समजे. पाणी आण म्हटले की आणी. परंतु उत्तर मराठीत देई. कोणी भांडत नव्हते, कोणी रडत नव्हते. चूल पेटलेली होती. आम्ही तेथे अर्धा तास बसलो आणि त्या अर्ध्या तासात एका भाषेचा अंत आम्ही पाहिला, असे म्हणावयास हरकत नाही. तीन पिढ्या, एक खोली. लेकीस विचारले की मुलीशी कोलामी कां बोलत नाहीस? ती म्हणाली, "शाळेत मागं पडंल जी." ह्या उत्तरावर तिला बोल लावण्याचा अधिकार आम्हांस तरी नव्हता.

कोणी असे म्हणेल की, ह्या जंगलच्या भाषांस लिपी नाही, पुस्तके नाहीत, त्या जाणारच. हे अज्ञान आहे. ह्याच आदिलाबाद जिल्ह्यात, राजुरा त्यात होते त्या काळी, १९४३ साली मारलावाई ह्या गावी गोंड शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ निजाम सरकारच्या सेवेत होते. त्यांच्या प्रयत्नाने गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी अक्षरांत छापली गेली, कारण ह्या भागातील गोंडांस मराठीचा परिचय होता. त्याच जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीची स्वतःची लिपी असलेल्या जुन्या वह्या अलीकडच्या काळात उजेडात आल्या. आणि २०१९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामस्थांनी गोंडी माध्यमाची शाळा स्वतः काढली. ज्यांना आपण अडाणी म्हणतो ते लोक आपल्यापेक्षा जागे आहेत.

आता ख्रिस्तसभेकडे वळतो. कारण दुसऱ्यांच्या घरचा केर दाखवून आपला झाकणे बरे नव्हे. आपल्या सभेने भाषा राखल्याही आहेत आणि बुडविल्याही आहेत. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यास आले, येथली भाषा एवढी आत्मसात केली की १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघाले. मराठी भाषेचा गौरव परक्या मुलखातून आलेल्या धर्मगुरूने करावा, हे आम्हां धर्मगुरूंस नित्य स्मरावयाजोगे आहे. परंतु त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट ह्याने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. आणि तो हुकूम निघावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत धर्मगुरूही होते. हे लपविण्यात अर्थ नाही. गंमत पाहा, हुकमाने कोकणी मेली नाही. ती आजही गोव्यात बोलली जाते, आणि पोर्तुगीज तेथे म्हाताऱ्यांपुरती उरली. उलट रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावी आपले काही शेतकरी कॅथलिक बांधव पोर्तुगीजपासून बनलेली एक बोली अद्याप घरी बोलतात. पोर्तुगीज त्या किनाऱ्यावरून १७४० साली निघून गेले. बोली उरली, कारण आयांनी ती मुलांस दिली. आता तेथेही मराठी घरात शिरली आहे.

आपल्या धर्मप्रांताची गोष्टही ध्यानात घ्या. १९६२ साली चांदा हा सिरो-मलबार परंपरेचा धर्मप्रदेश म्हणून स्थापन झाला आणि १९७७ साली त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याच १९६२ च्या जुलै महिन्यात केरळात कुर्बाना सुरियानीऐवजी मल्याळममध्ये होऊ लागला. शतकानुशतके वेदीवर असलेली सुरियानी एका पिढीत जवळजवळ नाहीशी झाली. आम्ही गुरुविद्यालयात तिची काही पाने गिरविली, परीक्षा दिली आणि विसरलो. लोकांस समजेल अशा भाषेत उपासना व्हावी हे योग्यच झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तथापि 'कुर्बाना' हा शब्द तुम्ही रोज उच्चारता तो तिचाच आहे. पुढे १९९९ साली आदिलाबादचा निराळा धर्मप्रांत झाला आणि तेलुगू ही साहजिकच त्या बाजूची भाषा ठरली. नदीची सीमा पुसली, तर दुसरी सीमा आखली गेली. जिवती तालुक्यातील ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात, तेथे मराठी शाळाही आहे आणि तेलुगू शाळाही आहे. सरकारे भांडतात त्याचा एवढा तरी लाभ झाला!

पवित्र शास्त्रात ही चिंता जुनी आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची मुले अर्धी अश्दोदी बोलत आणि यहुदाची भाषा त्यांस येत नसे, असे नहेम्याने पाहिले. तेव्हा त्याने बापांस शाप दिले, काहींना मारले आणि त्यांचे केस उपटले. नहेम्याविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे, परंतु ह्या उपायाने कोणा मुलास व्याकरण आले असेल असे वाटत नाही. त्याच ग्रंथात त्याहून चांगला उपाय थोडा आधी सांगितला आहे: नियमशास्त्र वाचले जात असता लेवी लोक गर्दीत उभे राहून अर्थ समजावून देत होते. ज्यांना जुनी भाषा येत नव्हती त्यांस बाहेर काढले नाही.

आता जे सांगावयाचे म्हणून उठलो ते सांगतो.

आमच्या आईस उतारवयात अर्धांगाचा झटका आला. चंद्रपूरच्या एका रुग्णालयात तिला ठेवले होते. तीन दिवसांनी तिची वाचा परत आली, परंतु मराठी परत आली नाही. जी मराठी तिने चाळीस वर्षे बाजारात, मंदिरात आणि आमच्यामुळे घरातही वापरली, ती जणू पुसून गेली होती. नवे आधी जाते आणि जुने मागून, असा सिद्धांत रिबो ह्या फ्रेंच पंडिताने १८८१ साली मांडला होता. पुढे १८९५ साली पित्र ह्या दुसऱ्या वैद्याने दाखविले की तसे नेहमीच होत नाही, पुष्कळदा जी अधिक वापरातली ती आधी परत येते. आमच्या आईच्या बाबतीत रिबो खरा ठरला. ती तेलुगू बोलत होती, भरभर, खालच्या आवाजात, आणि आम्ही पलंगाशी उभे राहून दहा शब्दांतला एक उचलत होतो. अम्मा म्हटलेले समजे. पाणी मागितले तर समजे. एक वाक्य ती वारंवार म्हणत होती, ते समजत नव्हते. आमचा भाऊ आधीच वारला होता; दुसरे कोणी जवळ नव्हते. शेवटी फरशी पुसणारी एक बाई थांबली. ती सिरोंचाकडची होती. तिने ऐकले, आणि आमच्या झग्याकडे पाहून संकोचाने म्हणाली, "फादर, त्या म्हणतात, तेलुगू येणारा फादर बोलवा."

आईने आपल्या मुलापाशी पापनिवेदन करू नये हा संकोच निराळा, आणि दुसरा धर्मगुरू आम्ही बोलावणारच होतो. परंतु आमच्या ओळखीचे जे तीन धर्मबंधू त्या दिवशी चंद्रपुरात होते, त्यांच्यांत मिळून मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम येत होती. तेलुगू एकासही नाही. आणि ज्याला यावयास हवी होती तो तेथे उभा होता. कागजनगरला दूरध्वनी केला. तेथील एक धर्मबंधू दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने बल्लारशास उतरले आणि सात वाजता रुग्णालयात आले. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. आतून आईचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते; आणि दार उघडे असते तरी आम्हांस ते समजले नसते, असा विचार मनात आला. ते बाहेर आले आणि म्हणाले, "शांत आहे." त्यानंतर दोन दिवसांनी ती प्रभूघरी गेली.

दुभाष्याच्या साहाय्याने पापनिवेदन करण्यास सभेच्या कायद्यात मोकळीक आहे. दुभाष्यावरही गुप्ततेचे बंधन आहे. हे आम्ही अशासाठी सांगतो की, भाषा येत नाही म्हणून कोणी म्हातारे माणूस संस्कारावाचून राहू नये. पण मरणाच्या वेळी दुभाषी लागावा, तोही आपल्याच घरात, हे किती कठीण आहे ते आम्हांस ठाऊक आहे.

प्रभूने वधस्तंभावर जी आरोळी मारली ती मार्काने त्याच्या मायबोलीतच, अरामीतच, लिहून ठेविली आहे. बाकीचे शुभवर्तमान ग्रीकमध्ये आहे, ते शब्द मात्र तसेच राखले. जवळ उभे असलेल्यांनी ते ऐकले आणि त्यांस वाटले, हा एलियाला बोलावीत आहे. ह्या ओळी आम्ही शुभ शुक्रवारी पंचवीस वर्षे वाचीत आलो. त्या वर्षी वाचताना थांबावे लागले.

आमच्या मनात मराठीविषयीही भय आहे, ते थोडक्यात सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले आता म्हणतात, "फादर, आम्ही खेळायला जाऊ या का?" आम्ही विचारतो, मी पण येऊ ना? ती म्हणतात, हो, या ना. अरे मुलांनो, मग 'आपण' म्हणा! ऐकणाऱ्यास धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही', हा भेद इंग्रजीत नाही, म्हणून इंग्रजी शाळेतील मुलांच्या तोंडून तो जाऊ लागला आहे. हा भेद तेलुगूत आहे, आणि मराठीस तो द्राविडी शेजाऱ्यांच्या सहवासातून मिळाला असावा असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणजे ज्या भाषा आपण डोंगरात विसरत आहोत, त्यांचे देणे आपल्या तोंडात आहे, आणि आता तेही आपण परत करीत आहोत. इंग्रजी शाळा काढू नये असे आम्ही म्हणत नाही. त्या आपणच काढल्या आहेत. घरात काय बोलता, एवढेच विचारतो.

विसरलेली भाषा दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा लवकर येते, हे शास्त्राने पाहिले आहे आणि आम्हीही अनुभवीत आहोत. पन्नाशी उलटल्यावर आम्ही तेलुगूची बाराखडी गिरवू लागलो. अक्षरे गोल आहेत आणि आमचा हात ताठ झाला आहे. गेल्या चार महिन्यांपासून दर रविवारी कुर्बानानंतर त्या चार आजी कडुनिंबाखाली आमच्यापाशी बसतात. त्या सांगतात आणि आम्ही देवनागरीत लिहून घेतो. त्या आमच्या उच्चारांना हसतात. दुसऱ्या कडव्याच्या दोन ओळी एका आजीच्या कागजनगरच्या बहिणीकडून दूरध्वनीवर मिळाल्या. एका ओळीविषयी दोघींचे भांडण आहे, दोन्ही पाठ वहीत उतरून ठेविले आहेत. वहीच्या मागच्या बाजूस सास्तीच्या एका गोंड आजोबांनी सांगितलेली झाडांची नावे आहेत, ती आतापर्यंत एकतीस झाली. तिसरे कडवे मात्र मिळालेले नाही. कोणाच्या घरी जुनी वही, प्रार्थनेचे फाटके पुस्तक किंवा ध्वनिफीत असेल, ती पेटीत वाळवीच्या स्वाधीन न करता आमच्याकडे द्यावी. उतरून घेऊन आठ दिवसांत परत करू. जेवण झाल्यावर त्या चौघी मंडपात ते गीत म्हणणार आहेत, दोन कडवी, जेवढी मिळाली तेवढी. ज्यांना येते त्यांनी मागून म्हणावे. पाने मांडली आहेत असा निरोप आला आहे. चला, आपण जेवावयास बसू.